बेंजो रस्त्यावर कसा आला?

१/ पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावी वरातीपुढे वाजणारा बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्राच्या धर्तीवर कळा बसवून ‘ताइशोगोतो’ घडवले. भारतात त्याचे बुलबुल तरंग झाले.

२/ घरात बसून वाजवायचे हे नाजूक वाद्य ढोलताशापुढे टिकणे अशक्य होते. पिकअपने तारांचे कंपन विद्युतसंकेतात बदलले, अ‍ॅम्प्लिफायरने तो संकेत वाढवला, तेव्हा ते रस्त्यावर उतरले.

३/ अमेरिकेत १९३०च्या दशकात गिटारनेही हीच वाट धरली होती. वाद्यवृंदात केवळ ताल धरणारी गिटार छोट्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमुळे एकल वाजू लागली. व्हॉल्व्हवर ताण येऊन फाटणारा स्वर आधी दोष मानला गेला. पुढे तोच रॉक संगीताची ओळख ठरला.

४/ बेंजोच्या इतिहासातही तारांइतकेच स्थान अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरला आहे.