दोन यमुना

आमच्या आजोळी पणजीचा एकच फोटो आहे. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेली, कॅमेऱ्याकडे न बघणारी. चोविसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि उरलेलं आयुष्य तिने दिराच्या घरी काढलं. तिच्याबद्दल घरात एकच वाक्य बोललं जातं: "साध्वी होती हो, कधी कुणाला उलटून बोलली नाही." खरं सांगायचं तर या वाक्यामुळेच पणजी मला कायम कंटाळवाणी वाटत आली. जिचं काही चुकतच नाही, तिच्याबद्दल विचारणार तरी काय?

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. मराठीचा अभ्यास दहावीनंतर सुटला. गेल्या वर्षी कंपनीच्या बसमध्ये फोनवर एकोणिसाव्या शतकातल्या मराठी कादंबऱ्या वाचायचा नाद लागला. त्यात दोन नायिका भेटल्या. दोघींचं नाव यमुना, दोघी विधवा होतात आणि दोघींमध्ये अंतर 33 वर्षांचं. पहिली मला फोटोतल्या पणजीसारखी वाटली. दुसरी वाचताना माझा स्टॉप चुकला.

पहिली यमुना 1857 ची, बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मधली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून या पुस्तकाचं नाव घेतात. आदल्याच वर्षी, 1856 मध्ये, हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. पदमनजी स्वतः 1854 मध्ये ख्रिस्ती झाले होते. विधवांचे हाल लोकांसमोर मांडायचे, हा पुस्तकाचा उघड हेतू. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते. पुढे नवरा जातो आणि तीही त्याच रांगेत येते. शेवटी ख्रिस्ती धर्म स्वीकारून ती पुन्हा लग्न करते.

बाहेरून बघितलं तर केवढी उलथापालथ! पण आतून ही यमुना फारशी हलत नाही. सुरुवातीपासूनच ती समंजस, दयाळू, योग्य तेच बोलणारी आहे. प्रवास होतो तो वाचकाचा. तिला नव्याने कळायचं असं काही उरलेलंच नसतं.

याला लेखकाची कमजोरी म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. जिच्याकडे समाज आधीच संशयाने बघतो तिची बाजू मांडायची, तर तिच्यावर एकही डाग नको, ही वकिलाची सावधगिरी होती. तिची एक जरी चूक दाखवली, तरी समोरचा म्हणणार, 'बघा, आम्ही सांगत नव्हतो?'

पण जिथे कुणाची बाजू मांडायची नव्हती, तिथेही हेच. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' (1861) ही करमणुकीची कादंबरी. तिच्यातही चांगली माणसं शेवटपर्यंत चांगली आणि वाईट ती वाईट. 'मंजुघोषा'च्या (1868) प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी तर कारणच देऊन टाकलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आपल्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांनी हिंदूंच्या आयुष्यात ना दुर्गुण रंजक सापडतात, ना सद्गुण. रोजचंच लिहिलं तर त्यात वाचकाला गोडी वाटणार नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं.

इथे मी थांबले. ज्या घरांत आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं लागत होती, त्या घरांत गोष्टच नव्हती?

ती गोष्ट हरि नारायण आपट्यांना दिसली. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. तेव्हा आपटे 26 वर्षांचे होते. म्हणजे आज माझ्या टीममध्ये असते, तर माझ्याहून ज्युनियर!

ही दुसरी यमुना, घरच्यांची यमू. आपली हकिकत ती स्वतः सांगते. सगळी करामत मला इथेच दिसते. सांगणारी यमू पुष्कळ सोसून शहाणी झालेली आहे, पण जिच्याबद्दल ती सांगते ती यमू अजाण पोर आहे. आज जे तिला अन्यायाचं वाटतं, ते तेव्हा तिला जगरहाटी वाटत होतं. नवरा तिला शिकवू बघतो, तेव्हा ती लाजते, बिचकते. मग हळूहळू वाचू लागते. सासरच्या घरातून मुंबईला आल्यावर संसाराची वेगळी रीत बघते, आणि आपलं चालत आलेलं म्हणजेच बरोबर, ही समजूत सैल होत जाते. त्यामुळेच नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिचं बळजबरीने केशवपन होतं, ते वाचवत नाही. एका पुतळ्याची विटंबना आपण दुरून बघू शकतो. इथे मात्र आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं एक मन मोडलं जातं.

तो काळही आठवावा. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं होतं. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं संमतिवय 10 वरून 12 वर नेलं, त्यावरून पुण्यात रणं माजली. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. बायकांना शिकवावं का, यावर पुरुष तावातावाने भांडत होते. त्याच वेळी आपटे आठवड्या-आठवड्याला दाखवत होते की बाई शिकते तेव्हा तिच्या आत काय घडतं.

आपट्यांनाही सगळं साधलं असं नाही. यमूचा नवरा रघुनाथराव जवळजवळ निर्दोष आहे आणि शंकरमामंजी जवळजवळ नुसतेच दुष्ट. पण यमूला त्यांनी चुकायची मुभा दिली. तिच्यासाठी हळहळायला ती साध्वी असण्याची अट उरली नाही. ही अट आजही पुरती गेलेली नाही. ऑफिसात एखादीने तक्रार केली, की आधी ती स्वतः कशी वागते याची चौकशी होते, हे मी बघितलंय.

कादंबरी संपवून दिवाळीत आजोळी गेले. आजी आता ब्याऐंशीची. तिला म्हटलं, "आजी, पणजीचं कधी काही चुकलं नाही का गं?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सवाष्ण होती तेव्हा आईनं शेजारच्या विधवा काकूला हळदीकुंकवातून उठवलं होतं. सगळ्यांसमोर. पुढे स्वतःवर तीच वेळ आली, तेव्हा काकूच्या दारात जाऊन बसली. कितीतरी दिवस जायची. काकू बोलायची नाही, तरी जायची."

"आणि मग?"

"मग मला शाळेत घालायला काका नको म्हणाले, तर त्यांच्याशी भांडायला काकूच आली तिच्याबरोबर. दोघी काय भांडल्या गं!"

"म्हणजे पणजी उलटून बोलायची?"

"बोलायची की! पण हे कशाला सांगायचं लोकांना? चांगलं तेवढं सांगावं."

आमच्या कामात कोडचा सगळा इतिहास जपून ठेवतात. कधी काय चुकलं, कुणी कसं सुधारलं. काही जण शेवटी सगळ्या कमिट एकत्र करून एकच स्वच्छ कमिट ठेवतात. दिसायला छान दिसतं. पण सहा महिन्यांनी 'हे असं का केलं?' असं विचारलं, तर सांगायला काही उरत नाही. पणजीबद्दलचं ते वाक्य तसं होतं.

फोटो तोच आहे. पण आता बघताना मला तिच्या शेजारी ती काकू बसलेली दिसते. तिचं नाव आजीला आठवत नाही.