स्की बनवणाऱ्याची क्रेन

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरचं हुडिक्सवाल हे लाकडाच्या धंद्यावर पोसलेलं गाव. तिथला एरिक सुंदिन हा बर्फावर घसरायच्या स्की बनवणारा कारखानदार. क्रेनशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट मात्र साधी होती: मालाचा चढउतार चालू असताना ट्रकचं इंजिन नुसतं बसून असतं, आणि घाम गाळतात ती माणसं. मग तेच इंजिन कामाला का लावू नये? १९४४ मध्ये त्याने ‘हायड्रॉलिस्का इंडुस्ट्री एबी’ ही कंपनी काढली. तिच्या आद्याक्षरांचं ‘हियाब’ झालं. १९४७ मध्ये आलेली ‘हियाब १९’ ही ट्रकवर बसवलेली जगातली पहिली हायड्रॉलिक क्रेन मानली जाते.

ट्रकवर यारी बसवण्याची कल्पना त्याआधीची. अमेरिकेत चॅटानूगाच्या अर्नेस्ट होम्सला १९१६ मध्ये ओढ्यात पडलेली एक फोर्ड बाहेर काढताना सहा माणसं आणि दोरखंड घेऊन तासन्‌तास झुंजावं लागलं. त्यानंतर त्याने १९१३ च्या कॅडिलॅकवर खांब, कप्पी आणि साखळी चढवली. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या वाहनांचा वंश तिथून सुरू होतो.

द्रवाच्या दाबाने वजन उचलणंही नवं नव्हतं. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं होतं, आणि १८४६ मध्ये विल्यम आर्मस्ट्राँगने न्यूकॅसलच्या धक्क्यावर शहराच्या नळाच्या पाण्यावर चालणारी क्रेन उभी केली होती. पण ती नळाला बांधलेली. जागची हलणार कशी?

सुंदिनच्या वाटेने गेलेल्या आजच्या क्रेनमध्ये गिअरबॉक्समधून काढलेल्या शक्तीवर पंप फिरतो. पंप तेलावर दाब आणतो, झडपा ते तेल हव्या त्या सिलिंडरकडे वळवतात आणि दट्ट्या सरकला की क्रेनचा हात उठतो. काम संपलं की हात घडी घालून केबिनच्या मागे बसतो, त्यामुळे ट्रकचा हौदा मालासाठी मोकळा राहतो. माझ्या मते खरी करामत या घडीतच आहे.

मर्यादाही आहेतच, आणि नवख्या चालकाला त्या लवकर समजतात. दोन मीटरवर ३ टन उचलणाऱ्या क्रेनला सहा मीटरवर जेमतेम १ टन झेपतो. लांबवलेल्या हाताचं स्वतःचं वजन धरलं तर त्याहूनही कमी. शिवाय लांबवरचं वजन ट्रकला एका बाजूला ओढतं, म्हणून आधी क्रेनचे दोन्ही बाजूंचे पाय बाहेर काढून जमिनीवर टेकवायचे. जमीन भुसभुशीत असेल तर पायांखाली जाड फळ्या घालायच्या, नाहीतर पाय रुततो आणि ट्रकच कलंडतो.

विटा, कौलं, विजेचे खांब, लोखंडी सळया, लाकूड, असा सगळा माल ही क्रेन एकट्या चालकाच्या भरवशावर उतरवते. पुढे हियाब विकली गेली आणि फिनलंडच्या कार्गोटेक समूहात आली. २०२५ मध्ये कार्गोटेकने आपलं नाव बदललं, आणि नवं नाव घेतलं ते हियाब.