न प्यायलेल्या चहाचं शहर

१२ सप्टेंबर १७४५. कॅन्टनहून परतणारं एक स्वीडिश जहाज आपल्या गावाच्या बंदरात शिरत होतं. अडीच वर्षांचा प्रवास सुखरूप पार पडला होता आणि वाट दाखवणारा नावाडीही जहाजावर चढला होता. तरीही ते सगळ्यांना ठाऊक असलेल्या खडकावर जाऊन आदळलं. माणसं सगळी वाचली. जहाजाच्या पोटात मात्र शेकडो टन चहा, चिनी मातीची भांडी आणि रेशीम होतं. जहाजाचं नाव गावाचंच होतं: गॉथेनबर्ग. स्थानिक माणूस ते 'योतेबॉर्य'च्या जवळपास उच्चारतो.

स्टॉकहोमहून तीनेक तासांची रेल्वे पकडून दोन दिवसांसाठी इथे येणारा प्रवासी बहुधा आधी कालव्यातल्या चपट्या नौकेत बसतो. एका ठेंगण्या पुलाखालून जाताना सगळ्यांना अंग चोरून खाली वाकावं लागतं. त्या पुलाचं टोपणनावच 'चीज किसणारी सुरी' असं आहे. हे कालवे डच डोक्यातून आले. राजा गुस्ताव अडॉल्फने १६२१ मध्ये शहराला सनद दिली, तेव्हा दलदलीत गाव वसवण्याचं कसब डचांकडे होतं. पहिल्या नगरमंडळातही त्यांचाच भरणा होता. राजाला इथे बंदर हवंच होतं, कारण पश्चिमेच्या समुद्राकडे उघडणारी स्वीडनची वाट तेव्हा एवढीच होती. ती डेन्मार्कच्या ताब्यातून सोडवून घेण्यासाठी देशाने दहा लाख रिक्सदालरची खंडणी मोजली होती.

पण शहराला खरी श्रीमंती आली ती चहामुळे. १७३१ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीने १८१३ पर्यंत १३२ सफरी केल्या, त्यातल्या बहुतेक कॅन्टनच्या. चिनी व्यापाऱ्यांना स्वीडनच्या लोखंडात, लाकडात रस नव्हता. त्यांना चांदी हवी होती. म्हणून जहाजं आधी स्पेनमधल्या कादिझला थांबत, तिथे माल विकून चांदी घेत आणि मग आशियाची वाट धरत.

आणि एवढा चहा पीत कोण होतं? स्वीडिश लोक फारसे नाहीत. गॉथेनबर्गच्या लिलावात विकला गेलेला बराचसा चहा बाहेर जाई आणि चोरवाटांनी ब्रिटनमध्ये पोचे. तिथे चहावर ११९ टक्क्यांपर्यंत कर होता. १७८४ मध्ये ब्रिटिश संसदेने तो साडेबारा टक्क्यांवर आणला आणि तस्करीत राम उरला नाही. दूर लंडनमध्ये झालेल्या एका कायद्याने या गावाची भरभराट ओसरू लागली.

आपल्याकडच्या किनाऱ्याशीही या कंपनीचा संबंध आला. १७३३ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या पोर्टो नोव्होत तिने वखार घातली. इंग्रज आणि फ्रेंचांनी हल्ला करून ती बंद पाडली. पुढे १७५० मध्ये निघालेलं 'योथा लेयॉन' हे जहाज सुरतेला गेलं. त्यावर ऊलोफ तोरेन नावाचा धर्मोपदेशक होता. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसचा तो शिष्य. परतल्यावर त्याने गुरूला प्रवासाची पत्रं लिहिली आणि १७५३ मध्ये तो वारला. लिनियसने त्याच्या सन्मानार्थ एका फुलझाडाला 'टोरेनिया' हे नाव दिलं. आपल्या रोपवाटिकांत निळी-जांभळी फुलं मिरवणारं ते रोप विकत घेताना, सुरतेला जाऊन आलेल्या या माणसाची आठवण ठेवायला हवी.

कंपनी गेली, पण पैसा शहरातच मुरला. संचालक निक्लास सालग्रेनच्या देणगीतून १७८२ मध्ये रुग्णालय उभं राहिलं. सालग्रेन्स्का हे नाव आजही मोठ्या विद्यापीठ-रुग्णालयाला आहे. कंपनीतर्फे चीनमध्ये राहिलेल्या विल्यम चाल्मर्सच्या मृत्युपत्रातून १८२९ मध्ये सुरू झालेली शाळा म्हणजे आजचं चाल्मर्स तंत्रविद्यापीठ. मोठ्या कालव्याकाठची ईस्ट इंडिया कंपनीची वास्तू आता शहराचं संग्रहालय आहे, आणि दोन दिवसांतली एक सकाळ तिच्यासाठी राखून ठेवावीच.

बुडालेल्या जहाजातला सुमारे एक तृतीयांश माल त्याच काळात वर काढण्यात आला आणि तो विकून सफरीचा खर्च तर भरून निघालाच, वर नफाही झाला. बाकीचा चिखलात राहिला. १९८६ नंतरच्या उत्खननात पाणबुड्यांच्या हाती चिनी मातीची भांडी लागली आणि अडीचशे वर्षं पाण्याखाली पडलेला चहाही. त्यातून जुन्या पद्धतीने हुबेहूब तसंच जहाज बांधायचं वेड शहराने घेतलं. ते २००३ मध्ये पाण्यात उतरलं आणि २००५ मध्ये चीनच्या सफरीवर निघालं. जुन्याच मार्गाने, पुन्हा कादिझला थांबून.

संध्याकाळी प्रवासी हागा या जुन्या कामगार वस्तीत पोचतो. लाकडी घरांच्या रांगेतल्या कॅफेत ताटलीएवढे दालचिनीचे बन मांडलेले असतात. भोवतालच्या टेबलांवर वाफाळत असते ती कॉफी.