ढालकिडा

ढालकिडा हा कॉक्सिनेलिडी कुळातील भुंगेरा असून पिकांवरील मावा या रसशोषक किडीचा महत्त्वाचा नैसर्गिक शत्रू आहे. ढालीसारख्या घुमटाकार, टणक पाठीवरून त्यास हे नाव पडले. जगभरात या कुळातील सुमारे ६,००० जाती ज्ञात असून त्यांपैकी बहुसंख्य मांसाहारी आहेत. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत तो कपाशी, ज्वारी, चवळी व करडई या पिकांवर आढळतो.

जाती

सात ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या तांबड्या पाठीवर सात काळे ठिपके असतात. चिलोमेनेस सेक्समॅक्युलाटा या जातीच्या पिवळसर ते नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असतात.

जीवनक्रम

मादी माव्याच्या वसाहतीजवळ पिवळी, लांबट अंडी पुंजक्याने उभी घालते. तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात. अळी लांबट, काळसर व नारिंगी ठिपक्यांची असते. प्रौढाशी तिचे साम्य नसल्याने ती अनेकदा कीड समजून मारली जाते. अळीच्या चार अवस्था होतात व नंतर ती पानास चिकटून कोषात जाते. उष्ण हवामानात हा क्रम साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होतो.

भक्षण

अळी व प्रौढ दोन्ही मावा खातात. लहान अळी माव्याच्या शरीरातील द्रव शोषते, तर मोठी अळी तो संपूर्ण खाते. शेवटच्या अवस्थेतील अळी सर्वांत खादाड असते. पूर्ण वाढ होईपर्यंत एक अळी शेकडो मावा फस्त करू शकते. अन्न न मिळाल्यास अळ्या स्वजातीची अंडीही खातात. माव्याच्या गोड, चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात व ढालकिड्यांना हुसकावतात. धोका जाणवल्यास ढालकिडा पायांच्या सांध्यांतून कडवट पिवळा द्रव सोडतो.

शेतीतील महत्त्व

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देते, त्यामुळे माव्याची संख्या झपाट्याने वाढते. ढालकिडे अन्न पाहून येतात, म्हणून त्यांची वाढ काही दिवस मागे राहते. या काळात व्यापक परिणामाचे कीटकनाशक फवारल्यास दोन्ही मरतात. परंतु उरलेला मावा लवकर वाढतो, ढालकिड्यास मात्र वेळ लागतो. परिणामी मावा पूर्वीपेक्षा अधिक बळावू शकतो. बीटी कपाशीतील प्रथिन बोंडअळ्यांसाठी असून माव्यावर प्रभावी नसते. त्यामुळे या कपाशीतही ढालकिड्यांचे महत्त्व कायम आहे.

एकात्मिक कीड व्यवस्थापनात फवारणीपूर्वी मावा व मित्रकीटक दोन्हींची पाहणी करतात. गरज भासल्यास प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क वापरतात. कपाशीभोवती चवळी किंवा मका लावल्यास मित्रकीटकांना आश्रय मिळतो. वऱ्हाडातील पीकसंरक्षणाचे संशोधन अकोला येथील, १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चालते.

अपवाद

याच कुळातील अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा शाकाहारी असून वांग्याची पाने खरवडून खातो. त्याची पाठ बारीक लव असल्याने निस्तेज दिसते व अळी पिवळी, काटेरी असते. मित्र ढालकिड्याची पाठ चकचकीत असते.