अंगठ्यापासून प्रकाशापर्यंत : डोळ्यातील दाब मोजण्याची कथा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात ज्यांनी आम्हांला विज्ञान शिकवले, ते गुरुजी आता ऐंशीच्या घरात आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही त्यांना भेटायला गेलो. समोरचे वर्तमानपत्र ते चष्मा लावून नीट वाचत होते. पण उठताना बाजूलाच ठेवलेल्या तांब्याला त्यांचा पाय लागला. तांब्या त्यांना दिसलाच नव्हता. त्यांना काचबिंदू झाला होता. त्याआधी एका नेत्रतपासणी शिबिरात त्यांच्या डोळ्यातील दाब मोजला होता. तो 17 भरला, आणि "प्रेशर नॉर्मल आहे" असे सांगून त्यांना घरी पाठवले होते. गुरुजी आम्हांला म्हणाले, "अरे, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे मीच तुम्हां पोरांना शिकवलं. मग यंत्राचं गणित चुकलं कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी डोळ्यातील दाब मोजण्याचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो.

दाब कशाचा?

डोळ्याच्या पुढच्या भागात, पारपटल आणि नेत्रभिंग यांच्या मध्ये, पाण्यासारखा पातळ द्रव असतो. तो बुबुळाच्या मागे सतत तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो आणि पारपटल व बुबुळ जेथे मिळतात त्या कोपऱ्यातील जाळीतून झिरपून रक्तात जातो. दर मिनिटाला जेमतेम दोन-अडीच घन मिलिमीटर एवढाच हा प्रवाह. येणारा द्रव आणि जाणारा द्रव यांचा मेळ बसला की डोळ्यात ठरावीक दाब राहतो आणि त्यामुळे डोळ्याचा गोल आकार टिकतो. हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या 15 मिलिमीटर स्तंभाइतका, म्हणजे पाण्याच्या सुमारे 20 सेंटिमीटर स्तंभाइतका असतो. बाहेर जाण्याची वाट अरुंद झाली की दाब वाढतो. त्याचा ताण डोळ्याच्या मागच्या बाजूला, जेथून दृष्टिचेतेचे दहा-बारा लाख तंतू बाहेर पडतात, तेथे पडतो. तंतू हळूहळू मरतात. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत राहते. म्हणूनच माणसाला वर्तमानपत्र वाचता येते, पण पायाजवळचा तांब्या दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. दाब कमी ठेवून उरलेली मात्र वाचवता येते.

बोटांची परीक्षा

सायकलच्या चाकात हवा पुरेशी आहे का, हे आपण अंगठ्याने दाबून पाहतो. डोळ्याच्या बाबतीतही सुरुवात अशीच झाली. अंध झालेला डोळा कधी कधी हाताला कठीण लागतो, अशी नोंद इंग्लंडमधील रिचर्ड बॅनिस्टर याने 1622 मध्ये केली होती. 1862 च्या सुमारास लंडनच्या विल्यम बोमन यांनी या परीक्षेला पायऱ्या दिल्या. मिटलेल्या पापणीवरून दोन बोटांनी डोळा हलकेच चाचपायचा आणि कठीणपणा एक, दोन, तीन अशा श्रेणींत लिहायचा. पण एका डॉक्टरचा 'दोन' म्हणजे दुसऱ्याचा 'एक' असू शकतो. बोटांना तुलना करता येते, मापन करता येत नाही.

याच काळात प्रकाशाने पहिला धडा दिला. हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच दिसू लागला. काचबिंदूच्या रोग्यात दृष्टिचेतेच्या मुखाचा आकार बदललेला दिसला. 1854 मध्ये येगर आणि फॉन ग्रेफे या दोन नामवंतांना तो फुगवटा वाटला. प्रत्यक्षात तो खळगा होता! एका डोळ्याने पाहताना खोली कळत नाही, हे त्यामागचे कारण. फॉन ग्रेफे यांनी लवकरच आपली चूक सुधारली आणि 1856 मध्ये हाइनरिख म्यूलर यांनी डोळ्याचा छेद घेऊन खळगा सिद्ध केला. दाबाने आत ढकलली गेलेली जागा, असा अर्थ त्यातून निघाला. यंत्राने दाखवलेले आणि आपण त्याचा लावलेला अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेने शिकवले.

वजन आणि वर्तुळ

डोळ्यावर उपकरण टेकवायचे तर आधी वेदना थांबायला हवी. 1884 मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवले आणि वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या माक्लाकोव्ह यांनी एक सोपी युक्ती काढली. ठरावीक वजनाच्या सपाट चकतीला रंग लावायचा आणि ती पारपटलावर क्षणभर टेकवायची. जेवढा भाग सपाट होईल तेवढा रंग डोळ्याला लागेल आणि चकतीवर कोरे वर्तुळ उरेल. चकतीचा ठसा कागदावर घेऊन ते वर्तुळ मोजायचे. वर्तुळ मोठे तर दाब कमी, लहान तर दाब जास्त. यामागचे सूत्र इंबेर आणि फिक यांनी मांडले : पातळ कवचाचा गोल सपाट करण्यास लागणारे बल भागिले सपाट झालेले क्षेत्रफळ म्हणजे आतील दाब. सूत्राची अट मात्र अशी की कवच अगदी पातळ, पूर्ण लवचीक आणि कोरडे हवे. डोळ्याचे कवच यांपैकी काहीच नाही.

1905 मध्ये नॉर्वेच्या शिओत्झ यांनी वेगळे उपकरण तयार केले. त्यात एक बारीक दांडा आपल्या वजनाने पारपटलात खळगा पाडतो आणि काटा खळग्याची खोली दाखवतो. रोग्याला उताणे झोपवून हे माप घ्यायचे. स्वस्त, खिशात मावणारे, वीज न लागणारे हे उपकरण जगभर पसरले आणि आपल्याकडील शिबिरांतही ते अनेक दशके वापरात होते. पण खळगा पाडताना आतला द्रव ढकलला जातो आणि मोजण्याच्या कृतीनेच दाब वाढतो. शिवाय ज्याच्या डोळ्याचे कवच सैल, त्याचा दाब कमी भासतो.

प्रकाशाने लावलेली फूटपट्टी

स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हान्स गोल्डमन यांनी 1950 नंतरच्या दशकात प्रश्न उलटा केला. वजन कायम ठेवून वर्तुळ मोजण्याऐवजी वर्तुळ कायम ठेवून बल मोजले तर? वर्तुळ लहान ठेवले की द्रव फारसा हलणार नाही आणि दाबही बदलणार नाही. पण तीन मिलिमीटरचे वर्तुळ नेमके तीन मिलिमीटरचेच झाले, हे जिवंत, हलणाऱ्या डोळ्यावर ओळखायचे कसे?

उत्तर प्रकाशशास्त्रात मिळाले. डोळ्यात फ्लुओरेसीन या रंगाचा अंश घालायचा आणि स्लिट लॅम्पचा निळा प्रकाश सोडायचा. पारदर्शक शंकूचे सपाट टोक पारपटलाला टेकले की कडेने अश्रूंचे वर्तुळ हिरवट पिवळे चमकते. शंकूत दोन लोलक असे बसवलेले असतात की वर्तुळाचे दोन अर्ध एकमेकांपासून बरोबर 3.06 मिलिमीटर सरकलेले दिसतात. डॉक्टर चाक फिरवून बल वाढवत जातो. दोन्ही अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की वर्तुळाचा व्यास 3.06 मिलिमीटर झाला. त्या क्षणी चाकावरचा आकडा वाचायचा.

3.06 हा विचित्र आकडा कोठून आला? विद्यार्थ्यांना हे गणित अवश्य द्यावे. या व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 7.35 चौरस मिलिमीटर. पाऱ्याच्या एका घन मिलिमीटरचे वजन 13.6 मिलिग्रॅम. दोहोंचा गुणाकार बरोबर 100 मिलिग्रॅम येतो. म्हणजे एक दशांश ग्रॅम वजनाइतके बल म्हणजे पाऱ्याचा एक मिलिमीटर दाब. चाकावरचा आकडा दहाने गुणला की काम झाले. शिवाय सुमारे तीन मिलिमीटरच्या या वर्तुळावर आणखी एक हिशेब जुळतो : पारपटलाचा ताठरपणा शंकूला बाहेर ढकलतो, तर अश्रूंचा पृष्ठताण त्याला आत ओढतो, आणि दोन्ही जवळपास एकमेकांना रद्द करतात. सूत्राच्या न पाळलेल्या अटी गोल्डमन यांनी अशा रीतीने भागवल्या.

पुढे 1965 मध्ये पर्किन्स यांनी याच तत्त्वावर हातात धरण्याचे उपकरण केले. ते गावोगावी नेता येते. 1972 मध्ये ग्रोलमन यांनी स्पर्शही टाळला. हवेचा झोत पारपटलाला क्षणभर सपाट करतो. सपाट झालेले पारपटल आरशासारखे वागते, आणि त्यावरून परावर्तित होणारा अवरक्त प्रकाश नेमका त्या क्षणी सर्वांत तीव्र होतो. आजच्या काही यंत्रांत सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रे घेणारा कॅमेरा पारपटल कसे दबते आणि पूर्ववत होते तेही टिपतो.

मग 17 ला काय झाले?

पारपटलाचा ताठरपणा आणि पृष्ठताण यांचा मेळ बसण्यासाठी गोल्डमन यांनी पारपटलाची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर धरली होती. जाडी फार वेगळी असेल तर आकडा चुकेल, याची त्यांना जाणीव होती. 1975 मध्ये डेन्मार्कमध्ये एलर्स आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात नळी घालून खरा दाब मोजला आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिला. जाडी 0.52 मिलिमीटर असेल तेव्हा दोन्ही जुळत. पारपटल जाड असेल तर यंत्र जास्त दाखवी, पातळ असेल तर कमी.

आपल्या लोकांची जाडी किती? याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी 2006 ते 2008 या काळात नागपूर परिसरातील आठ खेड्यांत तिशीवरील 4711 जणांचे डोळे तपासले. पारपटलाची सरासरी जाडी 0.514 मिलिमीटर निघाली. सरासरी जवळची असली तरी व्यक्तीव्यक्तींतील फरक मोठा होता. कितीतरी जणांचे पारपटल 0.48 मिलिमीटरहूनही पातळ होते. दाबाची सरासरी 14 च्या आसपास होती.

आता '21 पर्यंत ठीक' ही रेषा आठवा. ती निसर्गाने आखलेली नाही. जर्मनीत लाइडहेकर यांनी 1958 मध्ये सुमारे दहा हजार लोकांचा दाब शिओत्झ यांच्या उपकरणाने मोजला, सरासरी 15.5 च्या आसपास आली. तिच्यात प्रमाण विचलनाची दुप्पट मिळवली की सुमारे 21 येतात. ही लोकसंख्येची सीमा आहे, रोगाची नव्हे. भारतातील मोठ्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांचा दाब तपासणीच्या वेळी 21 पेक्षा कमीच आढळला. आणि दहांपैकी नऊ जणांना आपल्याला हा रोग आहे हे माहीतही नव्हते.

म्हणजे गुरुजींचा 17 हा आकडा तीन प्रकारे फसवा असू शकतो. पारपटल पातळ असल्यास खरा दाब जास्त असेल. दाब दिवसभरात बदलतो, त्यामुळे तपासणीची वेळ उताराची असेल. किंवा दाब खरेच 17 असेल, पण त्यांच्या दृष्टिचेतेला तेवढाही सोसत नसेल. यांतले नेमके कोणते, हे एका आकड्याने कळत नाही. त्यासाठी दृष्टिचेतेचे मुख पाहावे लागते आणि कडेची नजर तपासावी लागते. यंत्राने गणित चुकवले नव्हते. एका आकड्याकडून आपण फार अपेक्षा केली होती.

वर्गात करून पाहा

एक फुगा फुगवून वाटीत ठेवा. त्यावर सुमारे 200 ग्रॅम वजनाची सपाट, कडा घासलेली काच आडवी ठेवा आणि वरून पाहून सपाट वर्तुळाचा व्यास मोजा. वजन भागिले क्षेत्रफळ करून दाब काढा आणि पाण्याच्या यू-नळीने ताडून पाहा. उत्तर बऱ्यापैकी जुळेल. मग शाळेतील फुटबॉलची हवा सोडा, व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, चेंडू हाताने पुन्हा गोल करा आणि तीच काच त्यावर ठेवा. आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब मुळीच नाही. तरी जाड कवच काचेला तोलून धरते आणि सूत्र 'दाब आहे' असे सांगते! जाड पारपटलाची चूक हीच. (स्वतःच्या डोळ्यावर मात्र कोणीही बोटाने प्रयोग करू नये.)

याच जिल्ह्यात जामखेड येथे 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि योग्य ज्ञान गावातच असले तर किती रोग वेळीच अडवता येतात हे दाखवून दिले. काचबिंदूसाठी गावाला सांगायचे ज्ञान थोडकेच आहे : चाळिशीनंतर, आणि आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर विशेष करून, डोळ्यांचा दाबच नव्हे, तर दृष्टिचेताही तपासून घ्यावी. हे सांगायला शिक्षकाइतका विश्वासाचा माणूस गावात दुसरा नाही.

आम्ही हे सर्व गुरुजींना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सूत्र बरोबर होतं. त्याच्या अटी मी तुम्हांला शिकवल्या नव्हत्या."