तेलाविना कोशिंबीर : अपक्व आहाराचे प्रयोग आणि मुरबाड परिसरातील अन्नव्यवहार

आहाराचा इतिहास हा राजकीय इतिहासाइतकाच समाजाच्या जडणघडणीवर प्रकाश टाकणारा विषय असला तरी मराठीत त्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले गेलेले नाही. पाककृतींची पुस्तके विपुल आहेत. परंतु एखादा पदार्थ अमुकच रीतीने का केला जातो, त्यात तेल केव्हा आले आणि कोणाच्या घरी आले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. कच्च्या, न शिजवलेल्या अन्नाचा आणि त्यातही तेल वर्ज्य करण्याचा आग्रह आज शहरी आरोग्यचर्चेत वारंवार ऐकू येतो. या आग्रहाला महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर जो पूर्वेतिहास आहे, त्याचा मुरबाड तालुक्यातील वैशाखरे परिसराच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयात सर्वांत तपशीलवार नोंद महात्मा गांधींची आहे. लंडनमधील शाकाहारी चळवळीत ‘जीवनदायी अन्न’ या नावाने न शिजवलेल्या अन्नाचा पुरस्कार होत असे. त्याच्या प्रभावाखाली गांधींनी १८९३ मध्ये प्रिटोरियात पहिला प्रयोग केला आणि तो अल्पावधीत सोडून दिला. दुसरा प्रयोग १९२९ चा. जूनमध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी आपल्या रोजच्या आहाराचे प्रमाण प्रसिद्ध केले : मोड आलेले गहू ८ तोळे, वाटलेले बदाम ८ तोळे, वाटलेला हिरवा पाला ८ तोळे, आंबट लिंबे ६ आणि मध २ औंस. यात तेलाचा थेंबही नाही. पाल्याला चव आणण्याचे काम लिंबू आणि मध यांच्याकडे दिलेले आहे.

मात्र ही यादी जरा बारकाईने वाचली पाहिजे. बदामाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग स्निग्धांशाचा असतो. म्हणजे ८ तोळे बदामांतून सुमारे ४ तोळे तेल पोटात जातच होते. तेल बुधल्यातून गेले, ताटातून गेले नाही. तेलाविना कच्चा पाला रुचकर करण्याचे जे जे उपाय पुढे सुचवले गेले, त्यांपैकी बहुतेकांचे मर्म हेच आहे, असे आम्हांस वाटते. ऑगस्ट १९२९ मध्ये आमांशाने गांधींना हा प्रयोग थांबवावा लागला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले. पुढे मार्च १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले. ते मणिभाई देसाई यांनी वाढवले आणि कच्च्या भाज्या, मोड आलेली धान्ये हा विचार या आश्रमामार्फत मराठी मध्यमवर्गात रुजण्यास मदत झाली. गंमत अशी की स्वतः तेलाविना जेवू पाहणाऱ्या गांधींनीच १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या द्वारे बैलघाणीच्या तेलाचा हिरिरीने प्रचार केला. त्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. एक प्रश्न देहाचा होता, दुसरा खेड्यातल्या तेल्याच्या पोटाचा.

मराठी स्वयंपाकघराला तेलाविना कच्ची भाजी खाण्याचे शिक्षण बाहेरून मिळण्याची गरज होती काय? कोशिंबिरीची परंपरा पाहता तसे दिसत नाही. फोडणीची कोशिंबीर आपल्या परिचयाची आहे, पण फोडणी हा तिचा प्राण नव्हे. काकडी चोचवून तिला मीठ लावावे, सुटलेले पाणी पिळावे, मग दही किंवा लिंबू, ओले खोबरे अथवा दाण्याचे कूट घालावे, एवढ्यावर ती पूर्ण होते. युरोपीय भाषांतील ‘सॅलड’ या शब्दाचे मूळही लॅटिनमधील मीठ या अर्थाच्या शब्दात आहे, तेलात नाही. दाण्याचे कूट मात्र वाटते तितके प्राचीन नव्हे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगिजांबरोबर आलेली.

मिरचीच्या आधी तिखटपणा मिरे, आले आणि मोहरी यांच्यापासून येत असे, आणि येथे मोहरी फेसण्याच्या जुन्या रीतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मोहरी पाण्यासह वाटून फेसली की तिच्यातील एक विकर द्रव्य जागे होते आणि नाकात झिणझिण्या आणणारा झोंबरा वास सुटतो. उकळत्या तेलात तडतडलेल्या मोहरीत हे विकर नष्ट होते. म्हणजे फोडणीत जो गुण मरतो, तो फेसण्यात प्रकट होतो. कैरीच्या किंवा काकडीच्या कोशिंबिरीला फेसलेली मोहरी लावणाऱ्या आजीला हे रसायन ठाऊक नव्हते. परिणाम पक्का ठाऊक होता. भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही न खाण्याचा दंडकही याच संदर्भात पाहता येतो. बैलघाणीचे तेल या नियमाने आपोआपच बाद ठरते, आणि अनेक घरांत ऋषीची भाजी आजही फोडणीशिवाय होते.

वैशाखरे हे गाव कल्याणहून माळशेजमार्गे अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी वसलेले आहे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची मोजदाद आहे. घाट चढणाऱ्या हमालाच्या शिदोरीत काय होते याची अर्थातच नाही. कोकणच्या आगरांतील मीठ अशा घाटवाटांनी देशावर जाई व देशावरचे धान्य खाली उतरे. मिठाच्या वाटेवर असलेल्या या पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांची वस्ती आहे. त्यांच्या आहारात कच्च्या अन्नाला स्थान आहे, परंतु ते मोजूनमापून. वरकस जमिनीत नाचणीच्या सोबतीने होणारी पावसाळी काकडी, करवंदे, कैरी, आवळा हे कच्चे, मीठ लावून खाल्ले जाते. शेवळे मात्र कोणी कच्चे खाणार नाही. घशाला खाज सुटते, म्हणून ते काकड्याच्या आंबट फळांसह किंवा चिंचेसह शिजवावे लागते. ‘जे जे कच्चे ते ते उत्तम’ हे शहरी सूत्र रानभाज्यांच्या या प्रदेशात टिकत नाही. येथे अग्नी हा अन्नाचा नाश करणारा नसून विष उतरवणारा आहे.

याच वरकस जमिनीत खुरासणी, म्हणजेच कारळे, पिकत आले आहे. या दाण्यात तेलाचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४० टक्के असते. तेल विकत घेणे परवडत नसलेल्या घरात कारळे भाजून, मीठ-मिरचीसह कुटून केलेली चटणी काकडीबरोबर किंवा भाकरीबरोबर खाल्ली जाते. कारळे भाजलेले असल्याने कट्टर अपक्वाहारवादी या चटणीला कदाचित नाक मुरडतील. गांधींच्या वाटलेल्या बदामांचे जे काम, तेच येथे कारळ्याचे. फरक किमतीचा आहे. पोषणशास्त्रानेही या जोडीला दुजोरा दिला आहे. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की स्निग्धांशविरहित मसाला लावून खाल्लेल्या कच्च्या भाज्यांतील कॅरोटीन शरीरात जवळजवळ शोषलेच जात नाही.

म्हणून ‘तेलाविना’ या शब्दाचा अर्थ कोणाच्या ताटाविषयी बोलतो आहोत यावर ठरतो. शहरातील सुखवस्तू माणूस तेल सोडतो तेव्हा ते व्रत असते, आणि खोबरे, बदाम, दाणे त्याच्या फडताळात असतातच. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरील आईच्या बाबतीत तेल सुटलेले नसते, आलेलेच नसते. तिच्या मुलाच्या कुपोषणाचा विचार करताना तेल कमी खाण्याचा सार्वत्रिक उपदेश निरर्थकच नव्हे, तर अपायकारक आहे. वरकस जमिनीतून कारळे मागे हटले तर तेथे बाजारातून तेलाची पिशवी येतेच असे नाही. पाड्यावरच्या त्या ताटात मग मीठ लावलेली काकडी राहते आणि चटणी राहत नाही.