तांबडी पट्टी

घाट उतरताना एखाद्या वळणावर गाडी बाजूला घ्या. रस्त्यासाठी कातळ कापलेला आहे आणि पावसाने धुऊन तो काळाभोर दिसतो आहे. नीट पाहिलंत तर त्या काळ्यात मध्येच एक विटकरी पट्टी आडवी गेलेली दिसेल. वर काळा थर, खाली काळा थर आणि मध्ये हातभर जाडीची ही तांबडी रेघ. नखाने उकरलीत तर माती निघते. तळवा तिच्यावर टेकवा आणि डोळे मिटा. ही माती उघड्यावर ऊन खात होती, त्या काळात तुम्हाला जायचं आहे.

सहा कोटी साठ लाख वर्षं मागे.

डोळे उघडता तेव्हा सह्याद्री नसतो. कडा नाही, खाली कोकण नाही, पश्चिमेला समुद्र हवा तिथेही जमीनच. नजर जाईल तिथवर सपाट माळ आणि पायांखाली तीच तांबडी माती. आधीच्या लाव्हाचा दगड उन्हापावसाने कुजून, पिढ्यान्‌पिढ्या झिजून ती झाली आहे. तुमचा देश या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, चारी बाजूंनी समुद्राने वेढलेलं एक भलंमोठं बेट आहे आणि तो उत्तरेकडे सरकतो आहे. लाव्हा अजून पोचलेला नव्हता तेव्हा, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या परिसरात, लांब मानेचे टायटनोसॉर चरत होते. त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळे तिथे सापडतात आणि त्यांत गवताचे सूक्ष्म कण मिळाले आहेत. डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे जगाला कळलं ते या शेणातून.

आता तुमच्या पायांखालची माती थरथरते. जमीन हलते, थांबते, पुन्हा हलते. मग दूरवर एक भेग उघडते आणि त्या रेषेवर जागोजाग आग वर उडू लागते. हळूहळू आगीची ती कारंजी एकमेकांना जोडली जाऊन क्षितिजाला भिडणारा एक पडदा होतो. तुमची नजर डोंगर शोधते. शाळेच्या पुस्तकातला तो टोकदार शंकू, त्याच्या माथ्यावरचं तोंड, वर धूर. इथे तसं काहीच नाही. जमीनच उसवली आहे आणि त्या उसवणीतून पृथ्वीच्या पोटातला रस वर येतो आहे. नंदुरबार-धुळ्याकडे शेतांमधून सरळ रेषेत जाणाऱ्या काळ्या दगडी भिंती तुम्ही पाहिल्या असतील. अशाच भेगांमध्ये गोठून राहिलेला तो रस आहे.

शंकू का नाही, हे समजायला चुलीकडे पाहावं. पातळ आमटी उकळते तेव्हा बुडबुडे मुकाट वर येऊन फुटतात. घट्ट पिठलं रटरटतं तेव्हा वाफ अडकते आणि फटकन फुटून हातावर चटका देते. शिलारसाचंही तसंच. सिलिका कमी असलेला बेसाल्टचा रस अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस इतका तापलेला आणि वाहता असतो. त्यातले वायू सहज निसटतात आणि रस पसरतो. हवाईच्या मौना लोआसारखा ढालीच्या आकाराचा रुंद, मंद उताराचा पर्वत अशाच रसाचा होतो. सिलिका वाढली की रस चिवट होतो, वायू कोंडतात आणि मग स्फोट. इ.स. 79 मध्ये नेपल्सच्या आखाताकाठी मिझेनमला उभे असता, तर व्हेसुव्हियसवरून पाइन वृक्षासारखा ढग चढताना तुम्हाला दिसला असता. धाकट्या प्लिनीने तो पाहिला आणि लिहून ठेवला. म्हणून तसल्या उद्रेकाला आजही त्याचंच नाव आहे.

पण तुम्ही माळावरच थांबा. लाव्हा येतो आहे आणि तो धावत येत नाही. त्याची फुगीर जीभ पुढे सरकते, दुधावर साय धरावी तशी वर काळी कातडी धरते. मग त्या कातडीखाली आतून आणखी रस शिरतो आणि साय उचलली जाते. जीभ जाड होते, कुठेतरी फाटते, तिथून नवी जीभ बाहेर पडते. तुम्ही चालत चालत मागे हटू शकता. तांबडी माती मात्र भाजत, आणखी लाल होत लाव्हाखाली जाते. काही दिवसांनी लाव्हाचा थर तुमच्या डोक्याच्याही वर गेलेला असतो. त्यात अडकलेल्या बुडबुड्यांची भोकं तशीच राहतील, कालांतराने पाणी झिरपून त्यांत स्फटिक वाढतील, आणि नाशिक, जळगाव, पुण्याकडच्या खाणींतून निघणारी ती झिओलाइटची पांढरी-गुलाबी-हिरवी फुलं जगभरच्या संग्रहालयांत जातील.

घसा जळतो आहे ना? तो गंधकाचा वायू. दख्खनचा उद्रेक पाहायला माणूस नव्हता. पण असाच, भेगेतून झालेला, कितीतरी लहान उद्रेक माणसांनी सोसला आहे. तिथे जाऊन या.

आइसलँड, 8 जून 1783, रविवारची सकाळ. आकाश निरभ्र आहे आणि उत्तरेकडून एक काळा ढग येतो. लाकी इथे 27 किलोमीटर लांबीची भेग उघडली आहे, तिच्यावर शंभरावर तोंडं आहेत. 20 जुलैला, लाव्हा वस्तीच्या दिशेने येत असताना, तुम्ही पाद्री योन स्टेनग्रिम्सन यांच्या चर्चमध्ये गावकऱ्यांसोबत बसलेले असता. प्रार्थना संपवून सगळे बाहेर येतात तेव्हा लाव्हा थांबलेला दिसतो. गाव वाचतं, पण हवा वाचत नाही. फ्लोरिनने विषारी झालेलं गवत खाऊन मेंढ्या मरतात, मग उपासमार येते. देशातली जवळजवळ एक पंचमांश माणसं गेली. बाहेर पडलेला लाव्हा होता सुमारे 15 घन किलोमीटर. दख्खनच्या एकेका मोठ्या लोंढ्यात तो हजार घन किलोमीटरांच्याही वर असावा आणि असे लोंढे एकावर एक येत राहिले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन त्यांनी झाकलेली आहे.

तरी मला सांगायची आहे ती मधली शांतता. लाव्हा गोठला की सगळं थांबतं. पाऊस पडतो, दगड कुजतो, माती धरते, कुठे तळं साचतं, काठावर झाडं उगवतात. वरळीत लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. 1847 मध्ये शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन केलं. हे बेडूक जगत होते तेव्हा डायनोसॉर संपलेले होते. मेक्सिकोत अशनी कोसळला तो याच उद्रेकांच्या काळात, आणि त्या विनाशात दख्खनचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. बेडूक मात्र तळ्यात होते. मग पुन्हा भेग, पुन्हा लोंढा. तो इतिहास वाचताना सगळे काळे थर मोजतात. मी तांबडे मोजते.

डोळे उघडा. तुम्ही घाटात आहात, तळव्याला लाल माती लागली आहे. पट्टीच्या अगदी वर, काळ्या दगडाच्या फटीतून, पाणी ठिबकतं आहे. वरच्या कातळातून झिरपत आलेलं पावसाचं पाणी या चिकण मातीपाशी अडतं आणि वाट काढून बाहेर येतं. कुणीतरी तिथे पळसाचं पान दुमडून खोचून ठेवलं आहे, धार नीट पडावी म्हणून. हात धुऊन ओंजळ धरा.